पोटातली हवा

अल रम्सच्या धक्क्यावर नाखुदा खमीसची होडी
लाकडी ओंडक्यांवर चढवलेली.
तिच्या तळात, डिझेलच्या वासात,
मी गुडघ्यांवर बसून फायबर घासतो आहे.

ट्रान्सड्यूसर चिकटवायचा तर पथ्य एकच,
गोंदात हवा राहता कामा नये.
मुगाएवढा बुडबुडा राहिला
तरी आवाज तिथंच अडखळतो,
खाली दर्या, वर पडदा
आणि दोघांची ओळखच होत नाही.
म्हणून गोंद मी हळू ढवळतो,
खीर लागू नये म्हणून ढवळावी तसा.

हे बघतं कसं? येल्लय्या विचारतो,
श्रीकाकुळमचा, या होडीवर दुसरं वर्ष.
बघत नाही रे. ओरडतं.
आपल्या कानांच्या पलीकडची एक टिचकी खाली सोडतं
आणि गप्प बसून वाट बघतं.
गेलेला आवाज परत यायला लागला तो वेळ,
त्याचं निम्मं,
गुणिले पाण्यातला आवाजाचा वेग.
एवढंच गणित. बाकी सगळे रंग.

दुसऱ्या दिवशी पहाटे चाचणीला निघालो.
हा आखात तसा उथळच, तीस मीटरवर तळ.
चिखल बारीक रेघेत येतो,
कातळ जाड,
आणि फार कडक असला तर दोनदा,
म्हाताऱ्यानं तीच गोष्ट पुन्हा सांगावी तसा.
मग एक पिवळी कमान उमटली.
खमीस म्हणाला, मासा असा वाकडा का?
वाकडा नाही, मी म्हटलं, आपण त्याच्यावरून गेलो.
आधी लांब, मग जवळ, मग पुन्हा लांब.
ही आपल्या जाण्याची कमान आहे,
मासा होता तिथंच आहे.
त्याला हे पटलं की नाही कळलं नाही.
त्यानं गरगूर टाकला, पिंजरा फेसात बुडाला,
त्यानं त्या जागेवर खूण केली.

खरं तर मासासुद्धा दिसत नाही या यंत्राला.
दिसते ती त्याच्या पोटातली हवेची पिशवी.
हर्णैला आम्ही तिला बोत म्हणतो,
घोळीच्या बोताला तर सोन्याचा भाव.
नाना वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून
दांडा कानामागच्या हाडाला टेकवत.
आम्ही पोरं श्वास धरून.
खाली घोळीचा थवा आला की कुरकुर ऐकू यायची,
बोतावरच वाजवते ती.
नाना कधी पाण्यात ओरडले नाहीत.
ते नुसते ऐकत.
आता इंजिनांनी त्यांचे दोन्ही कान खाल्लेत,
फोनवर मीच ओरडतो
आणि गप्प बसून वाट बघतो.

नऊच्या सुमाराला पडदा कोरा होता.
निळा, स्वच्छ, रिकामा.
सेन्सिटिव्हिटी वाढवली तर नुसतं बर्फ पडायला लागलं.
तेवढ्यात मागची दोरी किंचाळली.
येल्लय्यानं हातमोजा चढवेपर्यंत दोन वाव गेली,
मग ओढली, सोडली, ओढली,
आणि वर आली ती सुरमई,
हातभर लांब, चांदीची, संतापलेली.

खमीसनं पडद्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
कनाद, तो म्हणाला, एवढी मोठी कनाद!

काय सांगू त्याला.
सुरमईला बोत नसतं.
पोटात हवाच नाही
तर आवाज आपटणार कशावर?
जे काही परत येतं ते इतकं पुसट
की यंत्र त्याला पाणी समजतं.
आणि हवा नाही म्हणून तिला तरंगता येत नाही,
पोहायची थांबली की खाली जाते.
म्हणून थांबतच नाही.

म्हणजे आपल्यासारखी, येल्लय्या म्हणाला,
गळ सोडवता सोडवता, मान वर न करता.
हे खमीसला कुणी
अरबीत करून सांगितलं नाही.

परत आल्यावर बिलातले पन्नास दिरहम त्यानं कापले,
न दिसलेल्या माशाचे.
आणि शेपटाकडची अर्धी सुरमई
वर्तमानपत्रात गुंडाळून
माझ्या अवजारांच्या पेटीवर ठेवली.